आज सुटला का तिबेट?

३ नोव्हेंबर १९८९

ही डायरी जानेवारीत आडतीच्या सेठनी मालकाला दिल्ती, नव्या वर्साची. मालक मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हमाल. त्यांना डायरी कशाला? मला म्हनले, तू सातवी शिकली, तूच लिव्ह काईतरी. मी म्हनलं, काय लिव्हू, आज भाकरी थापली असं? दोघंबी हसलो. डायरी कपाटावर पडली. भादव्यात मालक पोतं उतरवून पान्याच्या टाकीपाशी बसले ते उठलेच न्हाईत.

आता लिव्हून राह्यले. आज भाकरी थापली.

५ नोव्हेंबर

द्वारकाबाई आल्त्या. शेजारीन हाय आन आमच्या विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्षाबी. त्या बसल्या की अध्यक्षच बसल्यावानी बसतेत, पदर दोन्ही खांद्यावर घिऊन.

"साळूबाई, तुमी लई शांतपनानं घेतलं बघा. डोळ्यातून टिपूस न्हाई. ह्याला म्हनतेत धम्म. आमी नुसत्या वंदना म्हनतो, तुमाला ती लागू पडली."

मी म्हनलं, "गोळी हाय का लागू पडायला?"

"बघा, इनोदबी करतेत. मन किती शांत हाय तुमचं."

लई शांत हाय. हिरीत भोपळा टाकला तरी आवाज येनार न्हाई इतकं.

त्या गेल्यावर कडी वाजली. मी बसल्या जागी म्हनलं, "न्हाई, मेली ती." दूधवाला व्हता. तो घाबरला बिचारा.

सवय हाय. मालक सांजच्याला यायचे, डोकं भुश्यानं पांढरंफक, आन कडी वाजवून इचारायचे, "कोनी हाय का घरात?" मी आतून म्हनायचे, "न्हाई, मेली ती." ते म्हनायचे, "बरं झालं, मंग चहा कोन करनार?" लगन झाल्यापासून रोज. कोनाला सांगितलं तर म्हनल, याड लागलं का दोघाला.

११ नोव्हेंबर

बाहेरची खोली भाड्यानं दिली. हिवाळ्यापुरती. रोडला स्वेटर इकतेत ना, ते लोक. वस्तीत सगळे त्यांना नेपाळी म्हनतेत. माय-लेकी हायत. लेक पेमा, चाळिशीची असल, दुकान लावती. माय म्हातारी, गुडघे गेलेले, ती घरीच. लेक तिला आमा म्हनती, म्हनून मीबी आमा म्हनते.

द्वारकाबाई म्हनल्या, "कोन हायत कोन न्हाई, चौकशी तरी करायची."

म्हनलं, "केली. बौद्ध हायत."

"हे? ह्यांना दीक्षा कोनी दिली?"

"आपल्या आधी घेतलेली दिसती."

द्वारकाबाईचं तोंड पाहन्यासारखं झाल्तं. आधी मला असं तोंड पाहून लई गुदगुल्या व्हायच्या. आता नुसतं दिसतं.

१६ नोव्हेंबर

आमानं खोलीत एक देव्हारा मांडला. बुद्ध हायत, त्यांच्या बाजूला त्यांच्या लामांचा फोटो. आमच्या घरात बुद्ध आन बाबासाहेब. तिनं आत येऊन आमच्या बाबासाहेबांना हात जोडले आन इचारलं, "ये कौन लामा?"

म्हनलं, "हे आमचे. कोट घालायचे."

तिनं मुंडी हलवली, म्हनजे पटलं.

वर गच्चीवर तिनं पेमाकडून रंगीत फडक्यांची माळ बांधून घेतली. त्यावर काईतरी छापलेलं हाय. दोन दिवसात धुळीनं मळली, तर मी चांगली सोडून, साबन लावून, धुवून, घड्या घालून तिच्या बाजेवर ठिवली. पेमा आली तर हसू दाबून राह्यली. म्हनली, "काकू, ते धुवायचं नसतं. वाऱ्यानं फाटायचं असतं. अक्षर उडून जातात, सगळ्यांचं भलं होतं." आमानं ती परत वर बांधायला लावली. माझ्यामुळं अक्षरं जरा फिक्की झाली. साबनाबरूबर मोरीतून गेली असतील. मोरीचं भलं झालं असल.

मालकाचे सदरे मी दर आठ दिवसाला धुवून, पानी मारून घड्या घालून ठिवते. घालनारं कोन न्हाई. पन मळू ने.

२८ नोव्हेंबर

आता रोजचं झालंय. सकाळी मी रेडिओ लावला की आमा काठी टेकत येती, दाराच्या चौकटीत बसती. तिला मराठी बातम्या कळत न्हाईत. संपल्या की म्हनती, "साळू. तिबेट?"

मी म्हनते, "न्हाई, आमा."

ती म्हनती, "अच्छा." आन जाती माळ ओढायला.

पेमानं सांगितलं मंग. आमाचा देश चीननं घेतला, तीस वर्सं झाली. बर्फातून चालत आले. पेमा तवा आठ-नऊ वर्साची. बाप वाटेत बर्फात राहिला. आता ते कर्नाटकात एका वसाहतीत राहतेत. ह्या वर्षी रेडिओत रोज कोनता तरी देश सुटून राह्यला, भिंती पाडून राह्यले लोक, राजे पळून राह्यले. म्हनून आमाला वाटतं आता आपला नंबर.

म्हनलं, "रेशनच्या लायनीत असतेत तसं?"

पेमा म्हनली, "हां काकू. पन आमची लाईन लंबी."

७ डिसेंबर

काल विहारात अभिवादन झालं. मेनबत्त्या लावल्या. आमाबी आल्ती पेमाचा हात धरून. मेनबत्ती पाहून खुश झाली. तिच्याकडं तुपाचे दिवे लावतेत.

परत येता येता तिनं इचारलं, "साळू, तुम्हारा गाँव?"

सांगितलं. आमी जाफराबादकडचे. नामांतराच्या वर्षी आमची वस्ती जाळली गावानं. इद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हनलं एवढंच. तवा नेसत्या लुगड्यानं जालन्याला आलो, मालक मोंढ्यात लागले, ते इथंच राह्यलो. अकरा वर्सं झाली.

"वापस नहीं गया?"

"न्हाई."

"दूर?"

"यष्टीनं दोन घंटे."

ती रस्त्यातच उभी राह्यली. पेमाला काई बोलली. पेमानं सांगितलं न्हाई. मीच खोदून खोदून इचारलं. आमा म्हनली, दोन घंटे? बीच में पहाड़ नहीं, फ़ौज नहीं, तरी नहीं गई?

म्हनलं, "गुडघे दुखतेत माझे."

माझे गुडघे चांगले हायत.

१२ डिसेंबर

थंडी पडली. द्वारकाबाई परत सांगून राह्यल्या व्हत्या आमाला, की साळूबाईचं मन कसं शांत हाय, नवरा जाऊन चार म्हैने न्हाई झाले. पेमानं आमाला सांगितलं. आमानं माझ्याकडं लई येळ पाहिलं. मंग म्हनली, "शांत नहीं. ठंडा."

आन खोलीतून एक स्वेटर आनला, तपकिरी, आन माझ्या डोक्यातून घातलाच. बटनं न्हाईत त्याला. अंबाडा मोडला. द्वारकाबाई म्हनल्या, कितीला दिला? आमा म्हनली, "सर्दी है, पैसा नहीं."

घालून बसले. गरम हाय. बाकी काई न्हाई.

१८ डिसेंबर

पेमाला मालकाचं सांगितलं, ते "कोनी हाय का घरात" आन "मेली ती". पेमा हसली, आमाला तिच्या बोलीत सांगितलं. आमा बिलकुल हसली न्हाई. मालक म्हनायचे तसं म्हनून दाखवायला लावलं मला, दोन-तीनदा.

२४ डिसेंबर

हे लिव्हावं का न्हाई.

सकाळी पेमा लवकर गेल्ती, ट्रान्सपोर्टवर लुधियान्याचा माल आल्ता तो सोडवायला. बातम्या लागल्या. रुमानिया नावाचा देश हाय, तिथला राजा पळाला. लोक नाचून राह्यले म्हनले. आमा चौकटीत बसल्याली.

"साळू. तिबेट?"

मी पीठ मळून राह्यले व्हते. वर पाहिलं न्हाई. म्हनलं, "हो, सुटला. सकाळीच."

मला वाटलं, ती म्हनल, चल खोटारडे. मालक असते तर चप्पल फेकून मारली असती आन परत चहा मागितला असता. आमच्यात असंच बोलत व्हतो आमी.

ती उठली. गुडघे गेलेली ती, काठी न घेता. आधी तिच्या देव्हाऱ्याम्होरं गेली, डोकं टेकवलं. मंग आली आन माझ्या परातीत हात घातला. कोरडं पीठ घेतलं मूठभर, ज्वारीचं, आन अंगनात जाऊन आभाळाकडं उधळलं. मोठ्यानं काईतरी वरडली. परत आली, परत मूठ. मला हाताला धरून उठवलं, माझ्या मुठीत पीठ दिलं. मीबी उधळलं. काय करू? तिच्या पांढऱ्या केसात पीठ, भिवयावर पीठ. हसत व्हती. दात दोनच हायत वरचे.

मंग एक पांढरी रेशमी पट्टी आनली, लांब, आन रेडिओच्या गळ्यात घातली. पाहुना मानूस आला की ते लोक घालतेत तसली. रेडिओला नमस्कार केला.

मंग तिनं पट्ट्यापट्ट्याचं नवं फडकं कमरेला बांधलं, ठिवनीतलं. वळकटी बांधली. बुद्ध फडक्यात गुंडाळले. आन वट्यावर बसली, गाडीची वाट पाहत असल्यावानी.

सांगावं म्हनून मी चारदा भाईर गेले. तोंड उघडलं, तिचं तोंड पाहिलं आन मिटलं. पानी द्यायचं म्हनून पानी दिलं. घरात कोनतरी एवढं खुश हाय, हे लई दिसानं पाहिलं. द्वारकाबाईनं भिंतीवरून इचारलं, "म्हातारी कुठं निघाली?" म्हनलं, "इथंच."

दिवस बुडता पेमा आली. आमा तिच्याशी बोलाय लागली, हात वर करून करून. पेमा माझ्याकडं पाहून राह्यली. मी म्हनलं, "मी गमतीनं म्हनलं व्हतं."

"गंमत?" पेमा म्हनली. "काकू, माझे पिताजी बर्फात आहेत. गंमत?"

तिनं आमाला सांगितलं. आमानं कमरेचं फडकं सोडलं, त्याची घडी घातली, बराबर कोपऱ्याला कोपरा लावून. वळकटी घिऊन आत गेली.

अंगनात पीठ तसंच हाय. फरशीच्या भेगात बसलंय.

२५ डिसेंबर

बातम्या लावल्या. आमा आली न्हाई.

२६ डिसेंबर

न्हाई.

३१ डिसेंबर

रोज लावते. संपल्या की चौकटीकडं पाहते. पट्टी रेडिओच्या गळ्यात तशीच हाय. काढायला हात जात न्हाई, आन तिनं काढली न्हाई.

पेमा भाडं देती, नमस्ते करती, जाती. वाईट बोलत न्हाई. बोललं असतं तर मी काई उत्तर तरी दिलं असतं.

मला वाईट वाटायला पाहिजे. वाटत असल. कुठं वाटून राह्यलं ते सापडत न्हाई.

२ जानेवारी

डायरीतला डिसेंबर संपला. नवी कोन देनार? मागची पानं कोरीच हायत, तर मागं येऊन जानेवारीपासून लिव्हते. वर्स मागचं छापलंय, तारीख तीच. मागच्या वर्सी दोन जानेवारीला मालक व्हते.

५ जानेवारी

पेमाला इचारून आमासाठी त्यांचा चहा केला. मीठ आन लोनी घालून. चहात! मालकानं असला चहा पाहिला असता तर डाळ समजून भाकरी चुरली असती. कप घिऊन गेले. आमानं घेतला, पिला, कप पालथा घातला, माळ ओढाय लागली. मी बसले. ती ओढत राह्यली. मी उठले.

११ जानेवारी

आज पौर्निमा. म्हनलं, आमाला विहारात नेते. पेमाला वाटलं आमा न्हाई येनार, पन ती उठली. धम्माला न्हाई म्हनत न्हाई ती. माझ्याशी बोलली न्हाई, हात मात्र धरला, रस्ता खराब हाय म्हनून.

वंदना झाली. बुद्धं सरणं म्हनलो आमी, तिचे ओठ दुसरंच काई म्हनत व्हते, पन आमी थांबलो की तीबी थांबायची. वंदना झाल्यावर बाया गोळा झाल्या. ह्यांच्यात मटन चालतं का, एवढे जाड कपडे धुतेत कसे, लेकीचं लगन झालं का. द्वारकाबाईनं सगळ्यांना गप केलं, पदर दोन्ही खांद्यावर घेतला आन पेमाला म्हनल्या, "आईला इचारा, त्यांना काय पाहिजे? मंडळातर्फे."

मला वाटलं आमा सतरंजी मागल. पेमानं इचारलं. आमा एवढंसंच बोलली.

पेमा म्हनली, "घरी जायचं म्हनते."

मंडळातल्या निम्म्या बाया आमच्यासारख्याच हायत. कुनाची वस्ती जाळलेली, कुनाचं पानी बंद केलेलं, रातोरात निघालेल्या. घरी जायचं म्हनजे काय ते कोनी इचारलं न्हाई.

मंग द्वारकाबाई म्हनल्या, "ह्यांचा काई दिवस असतो का? आपला सहा डिसेंबर असतो तसा?"

पेमा म्हनली, धा मार्च. त्या दिवशी त्यांचे लोक उठले व्हते.

"मंग धा मार्चला मंडळ रस्त्यावर बसनार. गांधी चमनच्या चौकात. लिव्हून घ्या." लिव्हून घ्यायला कोनी नव्हतं. पन द्वारकाबाई म्हनल्या म्हनजे झालं. त्यांना मी लई चिडवते. आज चिडवलं न्हाई.

आमा हात जोडून सगळ्यांकडं पाहत व्हती. माझ्याकडंबी पाहिलं. पन नजर थांबली न्हाई.

१८ जानेवारी

चौकट रिकामी. आज मीच बातम्यात कान देऊन तिबेट ऐकायला बसले व्हते. न्हाई आला. पावसाचा अंदाज सांगितला.

२८ जानेवारी

गावाला जाऊन आले.

कशापायी गेले ते मलाच ठाव न्हाई. स्टँडवर रॉकेल आनायला चालले व्हते, डबा हातात. जाफराबाद गाडी लागल्याली. कंडक्टर वरडला, "चला मावशी, जल्दी." मी बसले, डबा मांडीवर.

फाट्यावर उतरले. दोन घंटे लागतेत म्हनत व्हते, त्याहून कमीच लागले.

आमची वस्ती व्हती तिथं आता काई लोक परत ऱ्हातेत, पत्र्याची घरं. आमच्या जागेवर कोन न्हाई. एक भिंत हाय कमरेएवढी, तिच्यावर कोनीतरी गोवऱ्या थापल्यात. चुलीची जागा ओळखू आली. तिथं एक कुत्री पिल्लं घिऊन झोपल्याली. गावातली एक बाई पान्याला चालल्ती, मला पाहून थबकली. मालकाचं नाव घिऊन म्हनली, "रखमाजीची साळू का गं?" मी म्हनलं, "न्हाई, मेली ती."

सवयीनं निघालं. ती बाई पळतच गेली.

थोडं उभी राह्यले. एका गोवरीवर बोटं उमटली व्हती. माझीबी अशीच उमटायची. मंग परतीची गाडी धरली. रॉकेल राहूनच गेलं.

घरी आले तर आमा वट्यावर व्हती. मी तिच्याजवळ टेकले. म्हनलं, "आमा. गाव. जाऊन आले."

तिनं माळ थांबवली. चोवीस डिसेंबरपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"कैसा?"

"काई न्हाई. गोवऱ्या थापल्यात."

तिला गोवऱ्या कळंना. हातानं थापून दाखवल्या, शेनाच्या. तिला एकदम कळलं. तिच्याकडंबी थापतेत म्हने, याकच्या शेनाच्या, भिंतीवर. तिनंबी हवेत थापून दाखवली. दोघी वट्यावर बसून हवेत गोवऱ्या थापत व्हतो. द्वारकाबाईनं भिंतीवरून पाहिलं आन मुंडी आत घेतली.

५ फेब्रुवारी

पेमानं माल काढायला घेतला, अर्ध्या भावात. त्यांचं नवं वर्स याच म्हैन्यात असतं, त्याआधी वसाहतीला पोचायचं. आमा बोलती आता, जेवली का, थंडी का, एवढं. पन सकाळी येत न्हाई. तिबेट इचारत न्हाई. पेमाला म्हनलं, आमा रागात हाय का अजून? पेमा म्हनली, राग नाही काकू. आमाला भीती वाटते. परत इचारलं आन परत खरं वाटलं तर?

हे मी केलं.

१२ फेब्रुवारी

सकाळी बातम्या लावल्या. आवाज मोठा ठिवते मी आता, बाहेरच्या खोलीत जाईल एवढा. मंडेला म्हनून कोनी हाय आफ्रिकेत, सत्तावीस वर्सं जेलात व्हता, तो काल सुटला. बायकोचा हात धरून चालत भाईर आला म्हनले. सत्तावीस वर्सं. बायकोनं दार उघडं ठिवलं असल.

मी चुलीपाशी व्हते, दाराकडं पाठ.

कडी वाजली. दोनदा, मालक वाजवायचे तशी.

"कोनी हाय का घरात?"

जड आवाज काढल्याला. मी हातातलं टाकून उभी राह्यले. पदर सारखा केला. केसावरून हात फिरवला. हे सगळं केल्यावर मला कळलं की मी केलं.

दारात आमा. काठी टेकून, मान ताठ, मालकावानी एक पाय चौकटीच्या आत. डोळ्यात लबाडी. मालकाला मी पहिल्यांदा पाहिलं तवा त्यांच्या डोळ्यात व्हती तसली. तिनं फेडलं माझं.

तोंडावर आलं व्हतं, न्हाई, मेली ती. रोजचंच. ती वाट पाहत व्हती त्याची, पेमानं सांगितलेलं सगळं तिला पाठ.

मी म्हनलं, "हाय."

परत म्हनलं, "हाय, आमा. हाय घरात."

ती येऊन चौकटीत बसली, तिच्या जागेवर. रेडिओच्या गळ्यातली पट्टी सारखी केली. मंग म्हनली,

"साळू. तिबेट?"

"न्हाई, आमा. आज मंडेला."

"कौन?"

"काळा मानूस हाय. लई वर्सं आत व्हता."

"अच्छा," ती म्हनली. मंग मराठीत म्हनली, "उद्या."

चहा केला. मीठ-लोन्याचा तिला, साखरेचा मला. एक कप जादा झाला. तो तसाच ठिवला.

१५ फेब्रुवारी

गेल्या. पेमानं सामान यष्टीच्या टपावर चढवलं. आमानं एक पट्टी माझ्या गळ्यात घातली, रेडिओच्याच जोडीची. म्हनलं, "मला बी रेडिओ समजली का?" ती हसली, दोन दात. गाडी हलली तर खिडकीतून वरडली, "साळू! दस मार्च!"

जादा तर काई न्हाई, गच्चीवरची माळ राहिली. काढायची न्हाई म्हनली. फाटंल तशी फाटू दे.

घरी येऊन मालकाचे सदरे काढले धुवायला. मंग तसेच ठिवले.

१ मार्च

सकाळी बातम्या. संपल्या की मीच इचारते, तिबेट? मीच सांगते, न्हाई. आज भाकरी थापली.

१० मार्च

गांधी चमनला बसलो. आमी सगळ्या पांढऱ्या लुगड्यात. द्वारकाबाईच्या हातात पुठ्ठा, त्यावर लिव्हलेलं, तिबेट स्वतंत्र झालंच पाहिजे. झालंचच्या खाली दोन रेघा. मला घोषना द्यायला लावलं. म्हनल्या, "तुमचा आवाज खनखनीत हाय आन तोंड तर हायच." दिल्या. जाता येता लोक थांबून इचारत व्हते, ही तिबेट कोन, कुठल्या गावची, काय झालं तिला? द्वारकाबाई समजावून सांगत व्हत्या, बर्फ, चीन, लामा. एक म्हातारा म्हनला, "तुमचं इद्यापीठाचं नाव अजून झालं न्हाई, आन निघाल्या तिबेट सोडवायला." मी म्हनलं, "बाबा, लायनीत एकटं उभं ऱ्हायला कटाळा येतो. सोबत लागती."

उठायच्या येळी मी पिशवीतलं ज्वारीचं पीठ काढलं. बायांना मुठी-मुठी वाटलं. सांगितलं कसं करायचं. उधळलं आमी आभाळाकडं. आमा वरडायची ते मला म्हनता येत न्हाई, जय भीम म्हनलो. सगळ्यांची डोकी पांढरी झाली. द्वारकाबाईच्या भिवया पाहून मंडळातली मालनबाई हसून लोळायची बाकी राह्यली.

पोलीस आला पळत. "ओ मावशी, हे काय लावलं?"

म्हनलं, "आमच्यात करतेत असं. देश सुटला की."

"सुटला का मंग?"

"न्हाई अजून."

"मंग पीठ कशापायी उधळलं?"

"सराव करून राह्यलो साहेब. ऐन टायमाला हात चुकायला नको."

तो हसला आन गेला. आमीबी उठलो.

घरी आले. कडी काढली, आत आले, भिंतीवरच्या आरशात पाहिलं. डोकं पांढरंफक. कानावर, मानेवर, सगळं. मालक सांजच्याला यायचे तसं.

मोरीत बादली भरली. बसले बादलीपाशी. धुतलं न्हाई.

अंधार पडला तवा द्वारकाबाई आल्या, दारातूनच म्हनल्या, "साळूबाई, अहो, रडून राह्यल्या व्हय?" आन आत येऊन खाली बसल्या, अध्यक्षावानी न्हाई, अशाच.

आज भाकरी थापली न्हाई.